शासनाचं अनुदान हवंय? मग आधी कपाट उघडा

मागच्या महिन्यात दोन पोरं आली होती. शेजारच्या गावची, दोघंही एम.एस.डब्ल्यू. झालेली. संस्था नोंदवून वर्ष झालेलं. नोंदणीचं प्रमाणपत्र लॅमिनेट करून, जपून फाइलमध्ये घालून आणलेलं. चहा होईपर्यंत पावसापाण्याचं बोलली आणि मग थोरल्याने विषयाला हात घातला, "ताई, शासनाचा फंड कसा मिळतो? म्हणजे, ओळख कुणाची लागते?"

हा प्रश्न मला वर्षातून दहा-बारा वेळा तरी ऐकायला मिळतो. मी कुठल्या संस्थेची अध्यक्ष नाही, भाषणं करणारी कार्यकर्तीही नाही. लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमची संस्था आहे. पंचवीस जणांचा वृद्धाश्रम आणि बायकांसाठी एक सल्ला केंद्र चालतं. १९९८ पासून मी तिथला हिशेब लिहिते. आधी किर्द-खतावणी हाताने, मग टॅली आणि आता दिल्लीचं पोर्टल. त्यामुळे फंड मिळतो कसा यापेक्षा तो अडकतो कुठे, हे मला जास्त ठाऊक आहे. त्या दोघांना तोंडी सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहिते.

अनुदान म्हणजे उधारी

मी त्यांना उलट प्रश्न केला, बँकेत शिल्लक किती आहे? "शिल्लक असती तर फंड कशाला मागितला असता, ताई?" धाकटा हसला. त्याचं म्हणणं बरोबर आहे. पण अनुदानाचा गाडा नेमका उलटा चालतो. आधी तुम्ही खर्च करायचा, मग तो दाखवायचा, मग पैसे यायचे.

आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं. प्रस्ताव ऑनलाइन भरायचा, जिल्ह्याच्या कार्यालयाने येऊन तपासणी करायची, राज्याने शिफारस करायची, दिल्लीत फाइल फिरायची. पहिला हप्ता दिवाळीनंतर आला तर आम्ही पेढे वाटतो. दुसरा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, नाहीतर सरळ पुढच्या वर्षात. वृद्धाश्रमातले आजोबा मात्र एक एप्रिललाही दोन वेळ जेवतात.

आमच्याकडे एकदा चौदा महिने एक रुपया आला नाही. किराणा दुकानदाराची उधारी तीन लाख ऐंशी हजारांवर गेली. तो माणूस भला. दर सोमवारी यायचा, पैशाचं नावही काढायचा नाही, नुसता बाकावर बसून चहा प्यायचा आणि जायचा. ते बसणंच मला फार जड जायचं. स्वयंपाकाच्या मावशींचा पाच महिन्यांचा पगार थकला. शेवटी अध्यक्षांनी आपल्या सोयाबीनची पट्टी आली तशी संस्थेत भरली. ती मी देणगी म्हणूनच जमा केली, आणि हे पैसे परत मिळायचे नाहीत हे त्यांना पावती फाडायच्या आधी सांगितलं. कारण विश्वस्ताकडून उसने घेतले तरी ते संस्थेच्या डोक्यावरचं कर्जच, आणि असं कर्ज काढायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. हे बऱ्याच संस्थांना ऑडिटमध्ये आक्षेप आल्यावरच कळतं.

म्हणून माझा हिशेब सरळ आहे. सहा महिन्यांचा खर्च हाताशी नसेल तर प्रस्ताव टाकू नका. आमचा महिना एक लाख साठ हजारांचा असेल तर नऊ लाख साठ हजार बाजूला पाहिजेत. नसतील तर काम लहान करा. पंचवीस जणांचं निवासी केंद्र नको, पंधरा जणांचं दिवसा चालणारं केंद्र घ्या. धान्य गावातून येऊ द्या. सुगीत ज्वारीची पाच-सात पोती मागायला लाज कसली? साठा नोंदवहीत देणाऱ्याच्या नावासकट चढवा म्हणजे झालं.

कपाटात काय पाहिजे

आता कपाट, म्हणजे त्यातले कागद. महाराष्ट्रात आपण संस्था दोनदा नोंदवतो, एकदा १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि एकदा १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली. म्हणून क्रमांकही दोन असतात. एक 'महाराष्ट्र' या शब्दाने सुरू होणारा, दुसरा 'एफ' अक्षराने. कुठल्या रकान्यात कुठला क्रमांक टाकायचा यात घोळ झाला की पहिलं त्रुटीपत्र ठरलेलंच.

त्याहून मोठा घोळ बदल अर्जाचा. विश्वस्त बदलला, वारला, राजीनामा देऊन गेला, पत्ता बदलला की कलम २२ खाली नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा असतो. आमच्याकडे तो सलग दोन निवडणुकांनंतर कुणी दिलाच नाही. दोष आमचाच. कागदावर आमचे अध्यक्ष वारल्यानंतरही चार वर्षं अध्यक्ष होते. एरवी कुणाचं काही अडलं नाही, पण अनुदानाच्या अर्जाला परिशिष्ट एकचा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या विश्वस्तांच्या नोंदीचा, ताजा उतारा मागितला आणि त्यात कैलासवासींचं नाव! ते निस्तरायला दीड वर्ष गेलं आणि त्या वर्षीचा प्रस्तावही गेला. आता मी निवडणुकीच्या दिवशीच इतिवृत्त लिहून, सगळ्यांच्या सह्या घेऊन, दुसऱ्या आठवड्यात वकिलाकडे जाते. इतिवृत्ताच्या वहीला आधीच पानांचे क्रमांक घाला, मध्ये कोरं पान सोडू नका. "नंतर लिहू" म्हणून सोडलेल्या पानावर तपासणारा माणूस बरोबर बोट ठेवतो.

मग नीती आयोगाचं दर्पण पोर्टल. केंद्राच्या अनुदानाला तिथला युनिक आयडी लागतो, आणि त्यासाठी किमान तीन पदाधिकाऱ्यांचे पॅन. वाटतं सोपं. आमच्या सचिवांचं नाव पॅनवर ज्ञानोबा, आधारवर ज्ञानेश्वर आणि गावात माउली. यंत्राला तिघं वेगळे वाटले. तुमच्या विश्वस्तांची नावं आजच एका कागदावर लिहा, पुढे पॅन आणि आधारवरची नावं मांडा, आणि जिथे अक्षर जुळत नाही तिथे दुरुस्ती आधी करून घ्या. शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री हे करता येत नाही.

संस्थेला करमाफी देणारं आयकराचं 12-ए प्रमाणपत्र पूर्वी एकदा मिळालं की कायमचं असायचं. २०२१ पासून त्याचं मुदतीने नूतनीकरण करावं लागतं, त्यामुळे मुदत संपायची तारीख मी कपाटाच्या दारावर आतून खडूने लिहून ठेवलीय. देणगीदाराला करसवलत देणारं 80-जी आणि कंपन्यांच्या सीएसआरसाठीची, म्हणजे त्यांच्या सामाजिक निधीसाठीची, नोंदणी हे देणग्यांच्या कामाचं. अनुदानाला थेट लागेलच असं नाही, पण वर सांगितलेले सहा महिन्यांचे पैसे तिथूनच यायचे असतात, तेव्हा टाळू नका. शिवाय केंद्राच्या पैशासाठी पीएफएमएसवर, म्हणजे सरकारी पैशाचा माग ठेवणाऱ्या पोर्टलवर, संस्था आणि तिचं बँक खातं जोडलेलं लागतं. अनुदानाला खातं वेगळंच काढा. एकाच खात्यात देणगीही आणि अनुदानही आलं की कुठला रुपया कुणाचा, हे सांगता सांगता तुमचे केस पिकतील. माझे त्यातच पिकले.

जी.आर. खालून वर वाचायचा

पैसा कुठे आहे, हे विचारायला लोक पुढाऱ्याच्या दारात जातात. मी शासन निर्णय, म्हणजे जी.आर., वाचते, तोही खालून वर.

सगळ्यात खाली 'प्रत' असते, कुणाकुणाला पाठवला त्यांची यादी. तिथे जिल्ह्याचे अधिकारी, कोषागार अधिकारी अशी नावं असतील तर काम जिल्ह्यातून होणार, तुमची फाइल जिल्ह्याच्या गावी फिरणार. यादी आयुक्तालयापाशी थांबली असेल तर पुण्याच्या वाऱ्या धरून चाला. शेवटी 'निवड नस्ती' असतंच, ते सोडून द्या.

त्याच्या वर डिजिटल सही आणि संकेतांक. त्याच्या जरा वर एक वाक्य शोधा, की हा निर्णय वित्त विभागाच्या अमुक अनौपचारिक संदर्भान्वये दिलेल्या सहमतीने काढला आहे. आणि त्याच्या आसपास 'मागणी क्रमांक' आणि 'लेखाशीर्ष', म्हणजे सरकारी अंदाजपत्रकातलं त्या पैशाचं खातं किंवा हेड. या दोन गोष्टी असतील तर त्या योजनेच्या मागे पैशाचा हेड आहे. खर्चाची योजना असून त्या नसतील, तर घोषणा झालीय, पैसा अजून यायचाय. माझ्या माहितीतल्या एका संस्थेने असल्याच एका घोषणेच्या भरवशावर भाड्याने इमारत घेतली होती. अकरा महिन्यांचं भाडं अंगावर पडलं.

मग एकदम वर या, 'वाचा' किंवा 'संदर्भ' लिहिलेलं असतं तिथे. जुन्या जी.आर.ची यादी असते. ते सगळे उतरवून घ्या, कारण खऱ्या अटी बहुतेकदा जुन्यात दडलेल्या असतात आणि नव्यात नुसतं 'उर्वरित अटी कायम' एवढंच. शुद्धिपत्रक निघालंय का तेही पाहा. संस्थेचा अनुभव किती वर्षांचा हवा, ऑडिट किती वर्षांचं, जागा स्वतःची की भाड्याची चालते, हे सगळं पेन्सिलने अधोरेखित करून मगच प्रस्तावाला हात घाला.

दारं साधारण तीन. केंद्राची ज्येष्ठांसाठी, दिव्यांगांसाठी अनुदानं ई-अनुदान पोर्टलवरून मागायची असतात. आमचा वृद्धाश्रम त्या दाराने जातो. राज्याची दारं खात्याखात्यांची. बालगृह काढायचं तर पैशाचा विचार फार पुढचा, आधी २०१५ च्या बाल न्याय कायद्याखाली नोंदणी हवी, नाहीतर काम चांगलं असूनही गुन्हा होतो. तिसरं दार जिल्ह्याचं. जिल्हा नियोजन समिती आहे, आणि जिल्हा परिषदेचा सेस, म्हणजे तिचं स्वतःचं उत्पन्न, तोही आहे. सेसमधून वीस टक्के मागासवर्गीयांसाठी, दहा टक्के महिला व बालकल्याणासाठी, पाच टक्के दिव्यांगांसाठी ठेवायचे असतात. तो पैसा बहुतेक थेट लाभार्थ्याकडे जातो, संस्थेला नाही. पण अर्ज भरायला, दाखले गोळा करायला कुणी नसतं म्हणून तो मार्चपर्यंत तसाच पडून राहतो. त्या टेबलावर तुम्ही शंभर नीट भरलेले अर्ज नेऊन ठेवलेत, तर पुढच्या वर्षी ते टेबल तुम्हाला नावाने ओळखतं. त्या पोरांनी विचारलेली 'ओळख' मला एवढीच माहीत आहे.

एक फरक मात्र डोक्यात पक्का ठेवा. अनुदान वेगळं आणि काम वेगळं. एड्स नियंत्रण सोसायटीचा प्रकल्प किंवा 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार'सारखी योजना घेतली, तर तिथे करार असतो आणि उद्दिष्ट असतं. किती जणांपर्यंत पोचलात, किती घनमीटर गाळ काढलात, त्यावर सगळं. अनुदानात तुमचं काम आहे आणि शासन त्याला हातभार लावतं. करारात काम शासनाचं आहे आणि तुम्ही ते करून देता. करारात उद्दिष्ट हुकलं तर "आमचा हेतू चांगला होता" हे कुणी ऐकून घेत नाही.

प्रस्तावात काय लिहायचं

माझी मावशी चौथी शिकलेली. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर सरकारने जागतिक बँकेच्या मदतीने घरदुरुस्तीचं मोठं काम काढलं, तेव्हा लोकांना त्यात सामील करून घ्यायला स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था सोबत घेतली होती. गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायका 'संवाद सहायक' झाल्या. मावशी त्यातली. इंजिनिअर गावात आला की म्हणायचा, भिंतीत इथे-तिथे आडवे दगड घाला, दोन्ही तोंडं बांधली जातील. लोक मान डोलवायचे आणि तो गेला की जुन्याच पद्धतीने भिंत रचायचे. मावशी घरात जाऊन बाईशी बोलायची. चुलीच्या मागची भिंत दाखवून म्हणायची, "ही आत नुसती मातीवर उभी आहे गं, रात्री इथेच निजतेस ना?" दुसऱ्या दिवशी दगड बसलेले असायचे.

प्रस्ताव लिहिताना मला अजून ती चुलीमागची भिंत आठवते. शासनाकडे पैसा आहे, इंजिनिअर आहे, छापील नमुने आहेत. घरात जाऊन बसणारं माणूस नाही. ते तुमच्याकडे आहे, तर तेच लिहा. 'समाजाच्या सर्वांगीण विकासासाठी कटिबद्ध' असली वाक्यं वाचून टेबलावरच्या माणसाला जांभई येते. त्याऐवजी लिहा की सतरा गावांत साठीच्या पुढच्या, एकट्या राहणाऱ्या एकशे बेचाळीस बाया आहेत, त्यांची यादी सोबत जोडली आहे, आणि त्यातल्या एकतीस जणींचं बँक खातं आधारला जोडलेलं नाही. असा आकडा तुम्ही स्वतः फिरून काढलेला पाहिजे. कुणी उलट विचारलं तर त्या गावाचं, त्या गल्लीचं नाव सांगता आलं पाहिजे.

अंदाजपत्रक योजनेच्याच हेडप्रमाणे मांडा. तुमच्या मनात असलेला शिलाई यंत्रांचा खर्च योजनेत नसेल तर तो 'इतर'मध्ये कोंबू नका. सोबत कार्यकारिणीचा ठराव, आणि याच कामासाठी दुसऱ्या कुठल्या खात्याकडून पैसे घेतलेले नाहीत, असं लिहून द्यावं लागतं. हे खोटं लिहू नका. दोन खात्यांच्या याद्या आता एकाच पोर्टलवर दिसतात. बॉण्डसाठी, म्हणजे अनुदानाच्या हमीपत्रासाठी, स्टॅम्प पेपर आणायला जाल तेव्हा शंभरचा मागू नका. ऑक्टोबर २०२४ पासून अशा बऱ्याच दस्तांना पाचशेचा लागतो.

कागद देताना आवक शाखेचा शिक्का, क्रमांक आणि तारीख तुमच्या प्रतीवर घेतल्याशिवाय हलायचं नाही. "ठेवून जा, साहेब आले की देतो," याला पोच म्हणत नाहीत. त्रुटीपत्र आलं तर रुसू नका. त्रुटी एक ते सात असतील तर उत्तरही एक ते सात याच क्रमाने, प्रत्येकाला जोडपत्राचा क्रमांक देऊन. फोनवर समजावलेलं कुठल्याही फाइलला लागत नाही.

आणि हो, टक्केवारी. टाळून पुढे जाण्यात अर्थ नाही. आमच्याकडे एक मध्यस्थ आला होता, पांढरी गाडी, दोन मोबाइल. सात टक्क्यांत मंजुरी आणून देतो म्हणाला. मी त्याला खतावणी दाखवली आणि म्हटलं, हे सात टक्के कुठल्या हेडखाली लिहू तेवढं सांगा. तो पुन्हा आला नाही. एकदा दिलं की तेवढ्याचं खोटं बिल करावं लागतं, आणि खोट्या बिलावर सही तुमची असते, त्याची नाही. कार्यालयातल्याच माणसाने मागितलं तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे.

तपासणीचा दिवस

तपासणी सांगून येते, कधी न सांगता येते. एकदा न सांगता आले तेव्हा मी बसस्टँडवर होते. धावत पोचले तर साहेब पलंग मोजत होते. पलंग पंचवीस, गाद्या पंचवीस, माणसं तेवीस. "दोन कुठे आहेत?" दोघी आज्या नातीच्या लग्नाला उदगीरला गेल्या होत्या. तोंडी सांगून भागलं नसतं. पण आमच्याकडे बाहेर जाण्या-येण्याची नोंदवही आहे. तारीख, वेळ, कोण न्यायला आलं, त्याची सही आणि फोन. साहेबांनी तिथल्या तिथे लग्नघरी फोन लावला. पलीकडून सनईच्या आवाजात आजी ओरडून म्हणाल्या, "मी परवा येनारंय, माझी गादी कुनाला देऊ नका!" अहवालात एक ओळ चांगली आली.

जेवायच्या वेळी साहेबांनी एका आजोबांना विचारलं, जेवण बरं असतं का. आजोबा म्हणाले, वरण पातळ असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साहेबांनी मात्र ते लिहून घेतलं आणि निघताना मला म्हणाले, "जिथे सगळे 'छान छान' म्हणतात तिथे मी जास्त वेळ थांबतो." तेव्हापासून तपासणीच्या आधी मी कुणाला काही पढवत नाही.

यूसी (उपयोगिता प्रमाणपत्र), म्हणजे खरी परीक्षा

पैसे आले की खर्च धनादेशाने किंवा ऑनलाइनच करा. रोख फक्त भाजी आणि रिक्षा, त्याचंही व्हाउचर त्याच दिवशी. बिलावर दुकानाचा जीएसटी क्रमांक, तारीख मंजुरीच्या काळातली, आणि मागे ते कशासाठी घेतलं याची एक ओळ. मंजुरीच्या तारखेआधीचा खर्च दाखवायचा की नाही हे मंजुरीपत्रात लिहिलेलं असतं; ते पत्र मी टेबलाच्या काचेखाली ठेवते.

केंद्राच्या अनुदानाला यूसी, म्हणजे पैसा ठरल्या कामालाच लागला याचा दाखला, २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतल्या 12-ए नमुन्यात द्यायचं असतं. आयकराचं 12-ए वेगळं आणि हे वेगळं. नव्या माणसाची यात हमखास गल्लत होते. वर्ष संपल्यावर बारा महिन्यांची मुदत असते, पण तेवढं थांबू नका, कारण आधीच्या वर्षाचं यूसी आणि ऑडिट झालेला हिशेब दिल्याशिवाय पुढच्या वर्षाचे पैसे पुरते सुटत नाहीत. मागची शिल्लक, यंदा आलेले, व्याज, खर्च, उरलेले असं सगळं त्यात येतं आणि ऑडिटशी रुपयाला रुपया जुळावं लागतं.

रुपयाला रुपया मी उगाच म्हणत नाही. एका वर्षी आमचं यूसी सत्तेचाळीस रुपयांनी परत आलं. बँकेने एसएमएसचे आणि कसलेसे पैसे खात्यातून कापले होते आणि बँक चार्जेस असा हेड योजनेत नाही. मी ते यूसीतून वगळले, पण ऑडिटमधून काढायला विसरले. सत्तेचाळीस रुपयांसाठी सी.ए.कडे दोन चकरा, नवा शिक्का, अध्यक्षांची पुन्हा सही. आता दर तिमाहीला बँकेने कापलेले पैसे संस्थेच्या दुसऱ्या खात्यातून त्या खात्यात भरून ठेवते.

अनुदानावर मिळालेलं बचत खात्याचं व्याजही आपलं नसतं. ते हिशेबात दाखवून केंद्राच्या भारतकोश पोर्टलवरून परत भरायचं आणि चलन यूसीला जोडायचं.

आणि वस्तू. अनुदानातून घेतलेली वस्तू मोडली तरी परवानगीशिवाय विकता येत नाही, भंगारातही देता येत नाही. आमच्या व्हरांड्यात २०११ चं कपडे धुण्याचं यंत्र आहे, सहा वर्षांपासून बंद. परवानगीसाठी तीन पत्रं गेली. तोवर ते मालमत्ता नोंदवहीत आहे, त्याच्यावर पांढऱ्या रंगाने क्रमांक लिहिलेला आहे आणि उन्हाळ्यात आज्या त्याच्यावर कुरडया वाळत घालतात.

योजना बंद होते तेव्हा

भागीदारी हा शब्द दोन्ही बाजूंना आवडतो, पण तिच्या दोन टोकांना बसलेली माणसं सारख्या वजनाची नाहीत. १९५३ साली दुर्गाबाई देशमुखांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ उभं राहिलं. पुढे देशभरातल्या संस्था त्याच्या पैशावर सल्ला केंद्रं चालवत होत्या. २०२२ मध्ये मंडळच बंद झालं. संकटातल्या मुलांसाठीची चाइल्डलाइनची १०९८ ही फोनसेवा १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेतून सुरू झाली, संस्थांनी ती गावोगाव नेली, आणि २०२३ मध्ये ती मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेखाली शासनाने आपल्याकडे घेतली. नंबर तोच राहिला, फोन उचलणारे हात बदलले. शासनाने कल्पना उचलून स्वतः चालवावी, हे एका अर्थी यशच. पण पंधरा वर्षं रात्री-अपरात्री धावलेल्या मुलींना एका पत्रात घरी पाठवणं मला पटलेलं नाही.

म्हणून नेमणूकपत्रात 'योजना सुरू असेपर्यंत' हे स्पष्ट लिहा, आणि माणसाला ते समजावून सांगा. पन्नास टक्क्यांहून जास्त खर्च एकाच अनुदानावर जाऊ देऊ नका. मी तर चाळीसवरच ओरडायला लागते. आमचं सल्ला केंद्र आज अनुदानाशिवाय चालतं, आठवड्यातून सहा ऐवजी तीन दिवस.

पैसे घेतले की बोलता येत नाही, असं काहींना वाटतं. बोलता येतं. याच राज्यात २००७ पासून ग्रामीण आरोग्य अभियानाच्या पैशावर लोकाधारित देखरेख चालली, संस्था जनसुनवाई भरवायच्या आणि त्याच अभियानाच्या दवाखान्यात औषधं का नाहीत हे डॉक्टरांना चारचौघांत विचारायच्या. पण मग विचारणाऱ्याचं कपाट स्वच्छ हवं. शासनाच्या पैशावर मोठ्या प्रमाणात चालणारी संस्था माहिती अधिकारात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलंय. उद्या गावातलाच कुणी दहा रुपयांचा स्टॅम्प लावून आमची किर्द मागू शकतो. मागू दे. चहा देऊन दाखवीन.

ती दोन पोरं हे सगळं ऐकून जरा हिरमुसली. त्यांची संस्था एका वर्षाची, बहुतेक योजना तीन वर्षांचं ऑडिट मागतात. मी म्हटलं, दोन वर्षं आहेत ना हातात. प्राथमिक आरोग्य केंद्रातली एक खोली आठवड्यातून एक दिवस मागा, त्याला पैसे लागत नाहीत, नुसतं पत्र लागतं. पाच टक्के सेसचे दिव्यांगांचे अर्ज भरून द्या. दोन ऑडिटं वेळेवर करून घ्या. तोवर बुधवारी या, बुधवारी मला वेळ असतो. येताना तीन विश्वस्तांचे पॅन, आधार आणि इतिवृत्ताची वही आणा. आणि ते लॅमिनेशन निघत असेल तर हळूच काढा, त्याच्यावर शिक्का उमटत नाही.